टोकाचे दात

११ सप्टेंबर

आज पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला. माझ्या नवऱ्यानं, रेइनोनं, त्या स्केटिंगच्या हॉलमध्ये आयुष्यभर बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवली. मी त्याचा डबा घेऊन कठड्यापर्यंत जायची आणि तिथूनच परत फिरायची. "एकदा आत ये," तो म्हणायचा. मी म्हणायची, बघू. मे महिन्यात तो गेला.

ग्रंथालयाच्या फळ्यावर सूचना होती : प्रौढांसाठी फिगर स्केटिंग, अगदी पहिल्यापासून, गुरुवारी सकाळी. पुस्तक बदलायला गेले होते, नाव देऊन आले. पुस्तक तसंच पिशवीत राहिलं.

शिकवणारीचं नाव पिन्या. मला मुलगी असती तर एवढी असती. क्लबच्या कपाटातून तिनं मला कुणीतरी देऊन टाकलेला एक पांढरा जोड दिला, म्हणाली, वर्षभर तुझाच समज. मी उभी राहिले म्हणजे कठड्याला लोंबकळत होते. शेजारी पोस्टातून निवृत्त झालेली मार्केत्ता लोंबकळत होती. ती म्हणाली, "इर्या, आपण दोघी वाळत घातलेल्या चादरींसारख्या दिसतोय." मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात जन्म काढला. मी म्हटलं, चादरी यापेक्षा सरळ असतात.

घरी येताना लक्षात आलं, तासभर मला रेइनो आठवला नव्हता. पडू नये एवढं एकच डोक्यात होतं. याचं बरं वाटावं की वाईट, ते ठरवता आलं नाही.

१८ सप्टेंबर

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप. गुरुवार म्हणजे ओइवाही. ओइवा रेइनोचा मोठा भाऊ, अंगणापलीकडच्या घरात एकटा राहतो. रेइनो होता तेव्हाही गुरुवारी जेवायला यायचा, आताही येतो. दोघांत मिळून आम्ही पाच वाक्यं बोलत असू. त्यातली दोन सुपात घालायच्या मोहरीबद्दल.

आज त्यानं माझे काळेनिळे गुडघे पाहिले.

"काय गं, बर्फावरची राजकन्या झालीस का?"

"पुढचे दात अडकतात बर्फात. पात्याच्या टोकाला दात असतात ना, करवतीसारखे. पाय पुढे गेला की तेच रुततात आणि मी तोंडावर."

"त्या नाचऱ्यांच्या स्केट्सना कुदळच लावलेली असते पुढे. बर्फावर कुदळ घेऊन कुणी जातं का? आम्ही जन्मभर कारखान्याच्या संघातून हॉकी खेळलो. आमच्या पात्यांना कधी दात नव्हते."

"तोंडातही नाहीत," मी म्हटलं.

तो हसला. हसताना हात पुढे करून त्यानं कॉफीचा कप उचलला, पण आधी हात टेबलावरून चाचपडत गेला. म्हातारा होत चाललाय.

९ ऑक्टोबर

आता कठडा सोडून जाते. पिन्या म्हणते, गुडघा वाकव, आणखी वाकव, तू काय गिर्जाघरात उभी आहेस का? पडले की ती नुसती बघते, उचलायला येत नाही. मला ते आवडतं. मे महिन्यापासून सगळे मला उचलायलाच येतात.

बर्फ नीट नाही. रेइनोच्या जागी आलेल्या नव्या माणसाला कळत नाही. हॉकीला कडक, थंड बर्फ लागतो, फिगरवाल्यांना जरा मऊ. रेइनो मुलींच्या तासाआधी तापमान थोडं वाढवायचा आणि हॉकीवाल्यांच्या शिव्या खायचा. ओइवाच्याही. दोघे भाऊ त्यावरून सूप गार होईपर्यंत भांडायचे. हे आठवणारी आता आम्ही दोनच माणसं उरलो.

ओइवा या आठवड्यात ओउलू शहरात जाऊन आला. कशाला, विचारलं. "चष्म्याचं काम." नवा चष्मा काही दिसला नाही.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. संध्याकाळी कबरीवर मेणबत्ती लावायला ओइवा आणि मी. सगळी दफनभूमी दिव्यांनी भरली होती. ओइवानं काडी पेटवली आणि वातीच्या बाजूला धरली. पुन्हा पेटवली, पुन्हा बाजूला. वाऱ्याला शिव्या घातल्या. वारा नव्हता. शेवटी मी त्याच्या हातातून पेटी घेतली तर रागावला.

परत येताना त्यानं माझा दंड धरला होता. म्हणाला, तू पडशील म्हणून.

२७ नोव्हेंबर

पिन्यानं मार्चमधल्या कार्यक्रमाचं सांगितलं. लहान मुलं, मोठ्या मुली आणि या वर्षी आम्हीसुद्धा. ज्याला सशाची उडी आणि दोन पायांवरची गिरकी येईल त्याला एक मिनिट एकट्याला. सशाची उडी म्हणजे एक पाय पुढे फेकायचा, टोकाच्या दातांवर उतरायचं, तिथूनच ढकलून पुढे निघायचं. उडी म्हणण्यासारखी नाहीच, पायरी चुकल्यासारखी. बाकीचे मागे रांगेत हिममाणूस होऊन उभे राहणार.

मार्केत्ता म्हणाली, "मला हिममाणूसच करा. पोशाखाचा खर्च वाचेल."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला ते एक मिनिट हवं आहे. रेइनो रोज पहाटे त्या सगळ्या बर्फावर एकटा असायचा. मला एकदा तसं तिथं असायचं आहे. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील, म्हणून इथे लिहिते.

६ डिसेंबर

स्वातंत्र्यदिन. रिवाजाप्रमाणे खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. अंगणापलीकडे ओइवाच्याही खिडकीत दोन. तो कॉफीला आला, खिडकीशी उभा राहून बराच वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला,

"दोन घरं तापतायत. आत माणसं किती? दोन."

मी म्हटलं, "हो ना, वीज किती महाग झालीय. तुझी वरची खोली बंद करून टाक, मी कधीच केली."

तो परत टेबलाशी बसला. कॉफी संपवली. नवा शर्ट घालून आला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. जायला उठला आणि दाराशी थांबून म्हणाला, "तुझे ते स्केट्स आण. धार लावून देतो. त्या हॉलमधल्या पोरांना काय येतंय."

ओइवाच्या छपरीत धार लावायचं जुनं यंत्र आहे. सगळ्या संघाचे स्केट्स त्याच्याच हातून जायचे. रेइनो म्हणायचा, ओइवानं धार लावली की बर्फ आपणहून बाजूला होतो. मी लगेच नेऊन दिले.

११ डिसेंबर

स्केट्स परत आले, जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळलेले. ओइवानं सूपला हात लावायच्या आधी ते माझ्या मांडीवर ठेवले. "आता नाही पडणार तू," म्हणाला. रेइनो गेल्यापासून इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता. मी न उघडता पिशवीत टाकले. चष्मा सापडत नव्हता.

१८ डिसेंबर

नाताळआधीचा शेवटचा तास. खरंच एकदाही पडले नाही. पाय कुठे अडकेचना. घरी येऊन ओइवाला सांगितलं तर त्यानं नुसती मान हलवली आणि दुसऱ्यांदा सूप वाढून घेतलं.

१५ जानेवारी

हनुवटीला टाके आहेत, म्हणून थोडंच लिहिते.

सशाची उडी. पाय फेकला, टोकावर उतरले आणि टोक जागेवर राहिलंच नाही, लोण्यावरून सुरी जावी तसं पुढे निघून गेलं. मग बर्फ आला. रक्त बरंच होतं. पिन्या पहिल्यांदाच धावत आली.

१६ जानेवारी

पिन्या घरी आली. माझे स्केट्स तिच्याकडेच राहिले होते. टेबलावर उलटे ठेवले.

"हे कुणी केलं?"

मी चष्मा लावला. टोकाला दात नव्हते. एकही नाही. छान गोल, गुळगुळीत, हॉकीच्या पात्यासारखं टोक. पात्याचा बाकही गेलेला, सपाट घासलेला.

"ज्यानं केलंय त्याचा हात चांगला आहे," ती म्हणाली, "पण त्यानं तुझे पायच कापलेत. यावर उडी नाही, गिरकी नाही. हे दात परत येत नाहीत, इर्या. कुणाकडे दिले होतेस?"

मी म्हटलं, आठवत नाही.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. कपाटात आणखी एक जोड आहे, एक नंबर मोठा, जाड मोजे घाल, असं सांगून ती गेली.

मी खूप वेळ ते टोक अंगठ्यानं चाचपत बसले. कुठे खरखर नाही. त्यानं किती वेळ खर्च केला असेल. मी पडते म्हणून त्यानं पाडणारी गोष्ट काढून टाकली.

सांगितलं तर काय होईल, हे मला माहीत आहे. ओइवा माफी मागणार नाही, रागावणारही नाही. यंत्र झाकून ठेवेल आणि पुन्हा कुणाच्या पात्याला हात लावणार नाही. आणि कदाचित गुरुवारी यायलाही लाजेल. मग रेइनोच्या मऊ बर्फावरून भांडायला कोण राहील?

२२ जानेवारी

ओइवानं हनुवटी पाहिली. चमचा खाली ठेवला.

"कशी पडलीस?"

"पायरीवरून. हॉलच्या बाहेर, दगडी पायरी."

"स्केट्सवर नाही?"

"स्केट्सवर मी आता पडतच नाही. तुझी धार आहे ना."

खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. जन्मभर मला तोंडावर बोलणारी म्हणतात.

५ फेब्रुवारी

आता माझ्याकडे दोन जोड आहेत. दातवाला हॉलमधल्या खणात राहतो. बिनदाताचा माझ्या पिशवीतून हॉलपर्यंत जातो आणि न उघडता परत येतो. मार्केत्ताला सांगावं लागलं, ती खणाशी शेजारीच असते. म्हणाली, "अगं, मला आयुष्यभर एक नवरा सांभाळता आला नाही आणि तू या वयात दोन-दोन सांभाळतेस?"

आज ओइवानं धारेसाठी जोड मागून घेतला. तिथेच टेबलाशी अंगठ्याचं नख पात्यावरून फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"धार गेलेलीच नाही."

"मी हलक्या पायानं चालते."

"हं," म्हणाला.

१२ फेब्रुवारी

काल सकाळी ते स्केट्स हातात घेऊन मागच्या पायरीच्या दगडावर घासले. मग पायात घालून, घसरू नये म्हणून वाळू टाकलेल्या वाटेवरून माझ्या शेडपर्यंत गेले आणि आले. सगळ्या आळीत बिनबर्फाचं स्केटिंग करणारी मी एकटीच असेन. धार पुरती गेली. मनाला समाधान वाटलं, एखादं अवघड कापड स्वच्छ निघाल्यासारखं.

आज ओइवानं नख फिरवलं. मग हाताचा तळवा फिरवला. पात्यातून वाळूचा एक कण बोटावर घेतला, अंगठ्याशी चोळला. मला वाटलं, आता विचारेल. त्यानं विचारलं, "मोहरी संपली का?"

संध्याकाळपर्यंत धार लावून दिले. पहिल्यापेक्षाही छान चमकत होते.

२६ फेब्रुवारी

सशाची उडी आली! तीनदा सलग. टोक बर्फात 'खट्' करून रुततं आणि तेच आपल्याला पुढे ढकलतं. ज्यामुळे शरद ऋतूभर पडत होते त्याच्यावरच उभं राहायचं होतं. पिन्यानं टाळी वाजवली. "एक मिनिट तुझं," म्हणाली.

घरी येऊन हे कुणाला सांगावं? ओइवाला सांगता येत नाही, त्याच्या स्केट्सवर ही उडी होऊच शकत नाही, हे त्याला माहीत नाही. रेइनोच्या फोटोला सांगितलं. मला ते पटत नाही, पण सांगितलं.

२१ मार्च

कार्यक्रम झाला.

ओइवाला बोलवावंच लागलं. पांढरे बूट, तेही दुरून, त्याला फरक कळणार नाही असा माझा हिशेब होता. आता त्याला पेपरची मोठी अक्षरंही नाकाला लावून वाचावी लागतात. कोपऱ्यात कठड्याशी उभा राहिला, कारखान्याच्या संघाची जुनी टोपी घालून.

बर्फाची गाडी फिरून गेली. पाणी गोठून काचेसारखं झालं. मग दिवे कमी केले आणि माझं नाव घेतलं. एवढा मोठा बर्फ आणि त्यावर कुणाची रेघ नाही. मला वाटलं होतं की मला रेइनो जवळ वाटेल. तसं काही झालं नाही. मला नुसतं कळलं की इथं रोज किती थंडी असायची. त्यानं कधी सांगितलं नाही.

गिरकी झाली. उडी झाली. पहिली ओइवाच्या कोपऱ्यात, कठड्याच्या अगदी जवळ. खट्. दुसरीही झाली. हिममाणसांच्या रांगेतून मार्केत्ता ओरडली.

बाहेर आले तर ओइवा बाकावर बसला होता. मी शेजारी बसले. तो माझ्या पायांकडे बघतसुद्धा नव्हता.

"टोक वाजलं," म्हणाला.

"काय?"

"उडी मारलीस तेव्हा. दात असले की वाजतं. नसले की वाजत नाही."

 डोळ्यांचा हिशेब केला होता, कानांचा केलाच नव्हता. जन्मभर पात्यांचे आवाज ऐकत आलेला माणूस.

"धार कुणाची आहे?"

"क्लबमधल्या पोरीची. पिन्याची."

"चांगली आहे." मग, "हनुवटी माझ्यामुळे?"

मी म्हटलं, "पायरीवरून पडले, सांगितलं ना."

त्यानं मान हलवली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. "छान वाजत होतं, इर्या," म्हणाला आणि मी बूट काढेपर्यंत निघून गेला.

२६ मार्च

गुरुवार. सूप केलं. तो आला नाही. गुडघा दुखत असेल.

२ एप्रिल

पातेलं घेऊन मीच गेले. त्यानं दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. मागे खोके भरलेले दिसले. वासा शहराला जातोय, मुलीकडे. तुइयानं तिच्या इमारतीतच खोली बघून ठेवली आहे.

"डोळ्यांचं ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं त्यांनी," म्हणाला. "मधला भाग जातोय. कडेकडेनं दिसतं. तुइया तेव्हापासूनच मागे लागली होती. मी म्हटलं, बघू, हिवाळाभर थांबून बघू."

"कशासाठी थांबलास?"

"असंच. काही झालं नाही."

मी म्हटलं, "मग दातवाले आणते. तेवढी धार लावून दे जायच्या आधी. पिन्या काही तुझ्यासारखी लावत नाही."

"नको. तेही दात मला दिसायचे नाहीत." मग हसायचा प्रयत्न केला. "मागच्या वेळी दिसत होते. दिसत होते म्हणूनच काढले. तू पडायचीस ना."

आता सगळं नीटच कळलं आहे, तरी त्यानं सांगून टाकल्यावर जसं मोकळं वाटायला हवं तसं वाटत नाही. एवढी वर्षं समोर राहतो, डोळ्यांचं मला आधी सांगायला काय झालं होतं? त्याला भीती वाटली असेल, मी दया दाखवीन. मी काही दया दाखवली नसती. वरची खोली झाडून दिली असती फार तर.

८ एप्रिल

हॉलमधला बर्फ आज वितळवायला घेतला. ऑगस्टपर्यंत काही नाही.

तुइया दुपारी गाडी घेऊन आली. अंगणात दिवसा पाणी होतं आणि सावलीत गोठतं, सगळी वाट पाण्याखाली काचेसारखी. ओइवा दाराशी उभा राहून पायाखाली बघत होता, म्हणजे बाजूला बघत होता, आता त्याला तसंच दिसतं. मी जाऊन दंड धरला.

"गुडघे वाकव," मी म्हटलं. "आणखी. तू काय गिर्जाघरात उभा आहेस का?"

"मी चालायला लागलो तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस."

"तेव्हा तुला दिसत होतं. पावलं लहान टाक. वजन पुढे. मला खेचू नकोस, नुसता धर."

तो नुसता धरून चालला. लहान लहान पावलं, बर्फावर पहिल्यांदा आलेल्यासारखा. मध्येच थांबला. मला वाटलं, घसरतोय. घसरत नव्हता, नुसता थांबला होता. तुइयानं गाडी सुरू केली होती. मी म्हटलं, "चल, थोडंच राहिलंय."

"हो," म्हणाला. "माहीत आहे."

गाडीत बसवला, पट्टा लावून दिला. हात माझ्या बाहीवर राहिला होता, तो त्यानं स्वतःच उचलला. गाडी वळणावरून गेली.

परत येताना मी पडले. दोन्ही घरांच्या बरोबर मध्ये, एका कुशीवर, वाईट लागलं नाही. कुणी पाहिलं नाही. पाणी कोटातून आत येत होतं, तरी थोडा वेळ तशीच बसून राहिले. घाईनं उठावं असं घरात काही नव्हतं.